पाटावरून उठताना

डिसेंबरात सिंगापूरला थंडी पडत नाही, हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक आहे. तरी पावसाची झड लागली की मी कपाटातून स्वेटर काढते आणि डिंकाचे लाडू वळते. यंदा झडीने उसंतच दिली नाही. पासिर रिसच्या समुद्राकाठचं आमचं संध्याकाळचं फिरणं बंद पडलं. आमच्या इमारतीखालची मोकळी जागा कोरडी होती, तिथे फेऱ्या मारता आल्या असत्या. पण थंडी ना! पुण्यात लोक लाडू खाऊन पर्वती चढतात. आम्ही नुसते लाडू खाल्ले. "थंडीत खाल्लेलं अंगी लागतं," म्हणत हे आणखी एक उचलायचे.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पाटावर बसून महालक्ष्मीची पूजा केली, पोथी वाचली. आरतीसाठी उठायला गेले, तर उठताच येईना. पायांना मुंग्या आल्या असतील म्हणून चोळले. मुंग्याबिंग्या काही नव्हत्या. पायांत मला उचलायची ताकदच उरली नव्हती. माझा विश्वास बसेना. नवरात्रात याच पाटावरून मी टुणकन उठले होते!

"अहो, जरा हात द्या."

हे जहाजावर इंजिनिअर होते. इंजिनरूमच्या उभ्या शिड्या चढण्या-उतरण्यात यांचा जन्म गेला. "एवढंच ना?" म्हणत ऐटीत आले, माझे दोन्ही हात धरले आणि ओढलं. मी जागची हलले नाही. यांचेच गुडघे लटपटले आणि हे मागच्या सोफ्यावर धपकन बसले. मला हसू येत होतं, पण यांचा चेहरा पाहिला आणि ते विरून गेलं.

शेवटी मी रांगत सोफ्यापर्यंत गेले आणि त्याला धरून उभी राहिले. नऊवारी नेसून, देवीसमोर, रांगत! घरात आम्ही दोघंच. मुलगा पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला.

"अगं," हे हळूच म्हणाले, "मी पडलो असतो तर?"

बाथरूमच्या फरशीवर पडलेले हे आणि दारात नुसती उभी असलेली मी, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं.

"बूट घाला," मी म्हणाले.

"आत्ता? आरती राहिली आहे. आणि बाहेर पाऊस—"

"घाला म्हणते ना! खाली कोरड्यात फेऱ्या मारायच्या!"

माझा आवाज इतका चढला, की मीच दचकले.