पांढऱ्या केसांची खडी

दुष्काळाच्या त्या वर्षी येरमाळ्याजवळच्या खडीच्या कामावर मी हजेरी लिहीत असे. मुकादम म्हाताऱ्यांना कामावर घेत नसे. म्हणून वयस्क बाया तव्याची काजळी केसांना चोळून येत आणि वय चाळीस सांगत. ऊन चढले की घामाबरोबर काळे ओघळ त्यांच्या कानशिलांवरून उतरत.

एका सकाळी रांगेत एक म्हातारी उभी राहिली. पदराखालचे तिचे केस पिंजलेल्या कापसासारखे शुभ्र होते.

"आजे, घरी बस. नातवंडं सांभाळ," मुकादम म्हणाला.

"नातवंडं इथंच खडी फोडत्यात. घरी काय चूल सांभाळू? ती बी थंडच हाय." रांग हसली. मग ती माझ्याकडे वळली. "सत्तर लिही, लेकी. एक बी कमी करू नको. समदी उन्हात काढल्यात."

तिने हातोडी उचलली. दगडावर हलकेच टकटक केली, कान लावला, दगड फिरवला आणि एकच घाव घातला. जळक्या धुळीचा वास सुटला. दगड उभा दुभंगला. शेजारचा तरणा गडी अजून घाव घालतच होता.

"जोरानं न्हाय फुटत, बाबा. शीर बघावी लागती. ती दिसायला लई वर्सं जात्यात."

मुकादमाने माझ्या वहीकडे बोट केले. मी सत्तर लिहिले.

आता सून मला केस रंगवायची पुडी आणून देते. तिचे मन मोडवत नाही. पण पुडी हाती घेतली की कानशिलावरून काहीतरी काळे, ओले ओघळल्यासारखे वाटते, आणि मी ती फडताळात ठेवून देते.