मेणावरचा आंगठा

आंबा देठाला धरायचा. अंगाला हात लावायचा नाही. बागायतदार आप्पांच्या शेडमध्ये हा नियम दमयंतीने घातला आणि चोवीस वर्षं तो कोणी मोडला नाही.

शेड पावस रस्त्यापासून थोडी आत, कातळावर. मार्च ते मे बागेतला हापूस क्रेट भरभरून इथे येतो. मधोमध लांब टेबल, त्यावर गोणपाट. टेबलाच्या वरच्या टोकाला एक फळी ठोकलेली आहे. त्या फळीवर बसणारी बाई प्रत्येक आंब्याचं काय करायचं ते ठरवते. हा लांबच्या गाडीला, हा जवळच्या, हा आढीत पेंढ्यावर पिकायला, हा रसासाठी कॅनिंगला. बाकीच्या बायका तिचं ऐकून पेट्या भरतात. फळीवर दमयंती बसे.

ती मूळची बुरोंडीकडची. लग्न होऊन इकडे आली. नवरा मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. सासऱ्यांनी सांगितलं, आप्पांकडे माणसं घेतायत, जा. ती गेली. पहिल्या वर्षी डोक्यावरून क्रेट वाहिले. दुसऱ्या वर्षी पेट्या भरायला बसली आणि बसल्या बसल्या घोटाळा करून ठेवला.

आंब्यावर पांढुरकं काहीतरी दिसत होतं. हलकी राख उडून बसावी तसं. तिला वाटलं, फवारणीचं औषध राहिलंय. मुंबईचं कोणी पोर हा आंबा तसाच तोंडाला लावील. तिने पदर ओला केला आणि एकेक आंबा पुसून काढला. आंबे असे चकाकले, की शेजारणीही पुसायला लागल्या. दुपारपर्यंत चाळीस पेट्या लखलखीत भरून झाल्या. दमयंती खुशीत होती.

आठव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. अर्धे आंबे सुरकुतले होते, उरलेल्यांवर काळे ठिपके. आप्पा शेडमध्ये आले. ते ओरडतील म्हणून सगळ्या बायका पेंढ्याकडे बघत राहिल्या. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी एक न पुसलेला आंबा देठाला धरून उचलला आणि दमयंतीच्या नाकासमोर आणला.

“ही धूळ नव्हे गो. औषधही नव्हे. मेण आहे हे. झाडाने फळाला घातलेलं आंगडं. आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची बुरशी आत येऊ देत नाही. ते तू उतरवलंस आणि पोराला उन्हात पाठवलंस.”

त्या दिवसापासून दमयंती आंब्याकडे बघायला शिकली. मेण दाट कुठे, विरळ कुठे, कलमावर फांदी घासली असेल तर त्याची रेघ कशी उठते. फळ काढणीला चौदा आणे तयार झालं की देठाजवळचे खांदे भरून वर येतात आणि मध्ये खळगा पडतो. ते ती चार हातांवरून ओळखी. पोत्याला घासलेला आंबा तिच्या नजरेतून सुटत नसे. तोडणाऱ्या गड्यांना ती पेटीमागून हाका मारी, “मेल्यांनो, झेल्याच्या जाळीतनं काढताना लाडू वळताय काय?”

फळीवर त्या वेळी सावित्रीकाकी बसे. एके वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गुहागरला गेली. महिन्याने परत आली तर फळीवर दमयंती बसलेली. सावित्रीकाकी वळली. खालच्या टोकाला जाऊन पेट्यांना सुतळी बांधायला लागली. पुढची सहा वर्षं, म्हणजे हातपाय चालले तोवर, तिने सुतळीच बांधली. दमयंती फळीवरून उठली नाही. तिथल्या चोवीस वर्षांत तिने हंगामात एक खाडा केला नाही. नवरा वारला तोही पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर.

तीन वर्षांमागे तिच्या उजव्या डोळ्यात धुकं आलं. पहिल्यांदा तिने चष्म्याला दोष दिला, मग शेडमधल्या बल्बला. यंदा डावा डोळाही धुरकटला. मुलगा नितेश रत्नागिरीत रिक्षा चालवतो. त्याने तिला एका रविवारी रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं.

“मोतीबिंदू पिकलाय,” डॉक्टर म्हणाले. “काढून टाकू.”

“पिकूं दे,” ती म्हणाली. “माझे आंबे पिकायचेत अजून.”

बाहेर आल्यावर नितेश वैतागला. “आई, एका डोळ्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. मग तीनचार आठवडे धूळ नको, ओझं नको. बस्स.”

“आणि चार आठवडे माझ्या फळीवर कोण बसणार?”

“बसेल कोणीतरी.”

“तेच तर,” दमयंती म्हणाली आणि रिक्षात बसली.

तिने दुसरी वाट काढली. आंबा देठाला धरायचा, जवळ आणायचा आणि कोणी बघत नसताना खांद्यावर आंगठा टेकवून दाबायचा. खांदा भरलाय का, खळगा पडलाय का, आंगठ्याला कळे. फळ बरोबर निघे. तिने स्वतःला समजावलं, एक आंगठा लागल्याने काय होतंय. पहिल्या दिवशी दहा आंब्यांना लावला. एप्रिलच्या मध्याला ती जवळजवळ प्रत्येक आंब्याला लावत होती.

आता शेडचा कारभार आप्पांचा मुलगा गुरुप्रसाद बघतो. तो पेट्या थेट गिऱ्हाइकांच्या घरी पाठवतो. पेटीत एक छापील चिठ्ठी असते. तिच्यावर त्याने मोठ्या हौसेने लिहून घेतलंय, ‘बोट न लागलेला आंबा’. चिठ्ठीचा मजकूर शमिकाचा. शमिका यंदाच आलेली, पेट्या भरायला. मराठी घेऊन बी.ए. झालेली, नोकरीच्या शोधात. शेजारच्याच वाडीतली, त्यामुळे संध्याकाळी दमयंतीबरोबर चालत घरी जाणारी. दोघींच्या वयात तीस वर्षांचं अंतर. रस्ताभर दमयंती बोले, शमिका ऐके.

एका सकाळी गुरुप्रसाद मोबाइल नाचवत आत आला.

“काम थांबवा. पुण्याहून अकरा फोटो आलेत. अकरा घरांतून. प्रत्येक आंब्यावर आंगठा. देठाजवळ, एकाच जागी. दोन ठिकाणी तिथूनच डाग पडलाय. बोट न लागलेला आंबा म्हणे! लोक हसतायत मला.”

बायकांचे हात पेट्यांवर थांबले.

“जुन्या बायका हे करणार नाहीत. दमयंतीकाकींच्या हाताखाली तयार झाल्यात त्या.” त्याची नजर फिरत फिरत शमिकावर थांबली. “नवीन तूच आहेस.”

शमिकाने मोबाइल हातात घेतला. फोटो बघितला. मग बोटांनी मोठा करून बघितला. बघत राहिली. शेवटी मोबाइल परत दिला.

“माझाच असेल,” ती म्हणाली.

“असेल म्हणजे?”

“म्हणजे माझाच.”

“बी.ए. झालीस आणि एवढं कळत नाही? उद्यापासून येऊ नकोस.”

दमयंतीने हे सगळं फळीवर बसून ऐकलं.  आंगठा आपला, हे तिला माहीत होतं. पण अकरा फोटोंतल्या आंगठ्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं. पोरगी तरुण आहे, तिला कुठेही काम मिळेल. हे तिच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. तिने पुढचा आंबा उचलला. मग खाली ठेवला.

“बघूं,” ती म्हणाली. “मला दाखव.”

गुरुप्रसादने मोबाइल तिच्या हातात दिला. तिला नुसता हिरवा गोळा दिसला.

“मोठा कर.”

त्याने केला.

“अजून.”

मोबाइल तिने नाकाला लावला. आता मेणाचा पांढुरका पट्टा दिसला. त्यात अंडाकृती पुसलेली जागा. आणि त्या जागेच्या मधोमध, आडवी, न पुसलेली पांढरी रेघ.

दमयंतीच्या उजव्या आंगठ्यावर आडवा व्रण आहे. गवत कापताना कोयती लागली, त्याला वीस वर्षं झाली. जखम खोल भरली, तिथे अजून खाच आहे. खाच मेणाला टेकत नाही. पेंढा पसरताना, पेट्या सरकवताना शमिकाने तो आंगठा रोज बघितला होता. रेघ तिने ओळखली होती. म्हणूनच ती बघत राहिली होती.

शेडमध्ये गोणपाटाचा वास होता आणि कोणीतरी खोकलं.

“तिचा नाय,” दमयंती म्हणाली. तिने आंगठा वर केला, गुरुप्रसादच्या तोंडासमोर. “ह्यो बघ. लावून बघ हवं तर.”

“काकी, तुम्ही?”

“मीच. दिसत नाय मला. दोन वर्षं नीट दिसत नव्हतं, यंदा काहीच दिसत नाय. चाचपून बघते.”

टेबलाभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं जिने बोलून बोलून सगळ्यांचे हात बांधले, तिचाच हात. एकीला हसू आलं, ते तिने पदरात कोंबलं. गुरुप्रसादने मोबाइल परत घेतला. तो आप्पांना बोलवायला गेला.

आप्पा आता ऐंशीला टेकलेत, काठी घेऊन येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोटो बघितला नाही.

“दमयंती, फळीवर बस. हात मांडीवर ठेव. शमिका आंबा धरेल आणि काय दिसतंय ते सांगेल. ठरवशील तू.”

“असं किती दिवस चालायचं आप्पा?” गुरुप्रसाद म्हणाला. “गाडी चारला सुटते.”

“चालेल तेवढे.”

पहिला दिवस भयंकर गेला. दमयंती हात मांडीखाली दाबून बसली. शमिका आंबा उचली आणि सांगे, “हिरवा आहे.”

“हिरवं गवतपण असतं. मराठी शिकलीस ना गो? पुढे बोल.”

“हिरवा, थोडा पिवळट.”

“कुठे पिवळट? पोटाला की पाठीला? आणि मेण?”

“मेण... आहे.”

“आहे! घरात कोण आहे विचारलं तर माणसं आहेत म्हणून सांगशील काय?”

बायका हसल्या. शमिकाही हसली, कान लाल करून. त्या दिवशी गाडी सहाला सुटली आणि गुरुप्रसाद जेवला नाही.

घरी जाताना दमयंती म्हणाली, “तू का अंगावर घेतलंस? नाव घेतलं असतंस माझं.”

“तुम्ही चोवीस वर्षं बसताय तिथे.”

“म्हणून?”

 रस्त्याच्या कडेला अळवाच्या पानावर कोणीतरी नळाचं पाणी सांडलं होतं. थेंब पानावरून घरंगळले, पान कोरडं राहिलं. शमिका तेच बघत चालली.

दुसऱ्या दिवशी शमिका म्हणाली, “खांदे देठाच्या वर आलेत. खळगा आहे, पण उथळ. पाठीवर मेण दाट, पोटावर फांदीची रेघ, बारीक.”

“लांबच्या गाडीला घाल,” दमयंती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिला आंबा दिसायला लागला. डोळ्यांनी नव्हे. पोरगी बोलायची आणि फळ तिच्यासमोर उभं राहायचं. एकदा तर पोरीने सांगितलं, “याचं मेण सगळीकडे सारखं नाही, एका बाजूला सरकल्यासारखं आहे, आदल्या क्रेटमध्ये दुसऱ्याला टेकून बसला असेल.” दमयंतीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिला स्वतःला समजायला चार हंगाम लागले होते.

चौथ्या दिवशी दुपारी शमिकाने आंबा उचलला. “खांदे भरलेत, खळगा खोल, मेण अखंड,” ती म्हणाली आणि दमयंतीने तोंड उघडायच्या आत तो लांबच्या गाडीच्या पेटीत ठेवला. पुढचा उचलला. तो आढीत. त्याच्या पुढचा कॅनिंगला. तिच्या ध्यानातही आलं नाही. दमयंती मांडीवरचे हात बघत बसली. सात आंबे तसेच गेले. सातही बरोबर.

सावित्रीकाकी परत आली त्या सकाळी दमयंतीनेही मान वर केली नव्हती. तीही तेव्हा अशीच असणार, शमिकासारखी कामात गढलेली.

ती उठली. साडी झटकली. बाहेर जाऊन नितेशला फोन लावला.

“डॉक्टरला विचार, कधी बोलावतो.”

“आता? हंगामात?”

“हंगाम चाललाय,” ती म्हणाली. “चालतोय.”

ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं, उजव्या डोळ्याचं. डाव्याचं गणपतीनंतर करायचं ठरलं. काळा चष्मा लावून ती तीन आठवडे घरात बसली आणि कंटाळून शेजारणींशी भांडली. शमिका रोज संध्याकाळी येऊन दिवसभराचं सांगे. पुण्याहून फोटो येणं थांबलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दमयंती शेडवर गेली. दारात थांबली. बल्ब कोणी पुसून ठेवल्यासारखा उजेड. गोणपाटाचा धागा न् धागा दिसत होता. तिने सुतळीच्या टोकाकडे बघितलं. तिथे आता चिकटपट्टीचं यंत्र होतं, जागा मोकळी होती. ती तिकडे निघाली.

शमिका धडपडून फळीवरून उठली. “काकी, बसा ना.”

दमयंती वळली, टेबलापर्यंत आली. समोर निवडलेल्या आंब्यांचा ढीग होता, प्रत्येकावर पांढुरकी साय. एवढं मेण तिने तीन वर्षांत बघितलं नव्हतं. ती बघत राहिली. मग तिने ढिगातला एक आंबा देठाला धरून उचलला. खांद्यावर पुसलेली अंडाकृती जागा होती. रेघ नव्हती.

“हा कोणाचा गो?”

शमिकाने मान खाली घातली. “माझा. खात्री नव्हती.”

“तोंडाने विचारायचं कोणाला तरी.”

“कोणाला विचारणार? तुम्ही नव्हता.”

दमयंतीने तो आंबा कॅनिंगच्या क्रेटमध्ये टाकला. शमिका अजून उभीच होती, हात पोटाशी धरून.

“उभी काय राहिलीस? गाडी चारला जाते. बस.” आणि पोरगी बसल्यावर तिने तिला कोपराने ढोसलं. “एवढी पसरून नको. सरक.”

फळी साडेतीन फुटांची आहे. चोवीस वर्षांत तिच्यावर दोघी बसलेल्या कोणी बघितल्या नव्हत्या. दमयंती बसली. तिने पुढचा क्रेट ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

“हां,” ती म्हणाली. “काय दिसतंय सांग. मी बघते बरोबर सांगतेस का.”