गिअर आता खाली आहे

समीरच्या गॅरेजसमोरून जाताना मान वळवायची नाही असं मी रोज ठरवतो आणि रोज वळवतो. वडिलांची आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी मीच त्याला विकली. दारात गंजत पडली होती, नुसती अडचण. आता तिला नवं इंजिन आहे, डिस्क ब्रेक आहेत, पॉवर स्टिअरिंग आहे. रंग मात्र त्यानं तोच गर्द निळा ठेवलाय, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.

आमच्याकडे असताना ती आंबा घाट कधी एका दमात चढली नाही. अर्ध्यावर रेडिएटर उकळायचा. वडील बॉनेट उघडून पाण्याचा कॅन घेऊन उभे राहायचे आणि आम्ही भावंडं कडेच्या दगडावर बसून पोळीभाजीचा डबा संपवायचो. आपल्या घरी कुरकुरणारं माणूस दुसऱ्याच्या घरी खळखळून हसताना दिसलं, तर आनंद व्हायला हवा. होत नाही.

आज समीरनं हाक मारली, "काका, या, चालवून बघा."

मी आत बसलो. सुरूच होऊ नये, असं मनात आलं. एका किल्लीत सुरू झाली.

"रविवारी आंबा घाट चढलो," शेजारी बसत तो म्हणाला. "कुठे थांबावंच लागलं नाही."

माझ्या पोटात दुखलं. घाईनं मी स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे हात नेला. वडिलांचा हात कायम तिथेच असायचा. दांडी नव्हती.

"काका," समीर हळूच म्हणाला, "गिअर आता खाली आहे."