लाल देठाचं निदान

आता हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. चहा हातात आहे आणि सोफ्याचं कव्हर नवीन आहे. मी आयुष्यात पुष्कळ माती खाल्लीये, पण यावेळची माती कुंडीतली होती, आणि तीही पीएच मोजून भरलेली.

तर झालं असं. इथे जर्मनीत कायदा बदलला आणि सज्ञान माणसाला स्वतःच्या घरात गांजाची तीन झाडं लावायची परवानगी मिळाली. आता मी साधी बिडीही कधी ओढलेली नाही. पण मी पडलो पुण्याचा. सरकारने दिलेला हक्क वापरायचा नाही म्हणजे काय? तो वाया नाही का जाणार?

ऑफिसात माझ्या शेजारी टोर्स्टेन बसतो. त्याची तीन झाडं जोमात होती. त्याने मला झिपच्या छोट्या पिशवीत बिया आणून दिल्या. मी त्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, पार मागे सारून ठेवल्या, कारण केतकीला, म्हणजे बायकोला, सांगायचा धीर अजून गोळा व्हायचा होता. तो व्हायला बरेच दिवस गेले.

"कायद्यात बसतं?" तिने विचारलं.

"बसतं."

"आणि आईच्या डोक्यात?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. लातूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त झाल्यात, पण फक्त शाळेतून. माझ्याआधी आलेली चांगली चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली होती आणि मला होकार दिला होता तो एकाच गोष्टीवर, की मुलगा निर्व्यसनी आहे. रंग, उंची, पगार, कशातच मी पहिला नव्हतो. सासरी माझं जे काही नाव आहे ते या एका खुंटीवर टांगलेलं आहे. आणि सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला येणार होत्या.

"आई यायच्या आत ते घरातून गेलं पाहिजे," केतकी म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. लग्न टिकतं ते अशाच हो म्हणण्यावर.

सामानाच्या खोलीत मी तंबू उभारला. आत झाडं वाढवायचा जांभळा दिवा, पंखा आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाचा एक महागडा फिल्टर. ड्रॉवरमधली पिशवी काढली, तीन बिया पेरल्या, खोलीला कुलूप लावलं. केतकीने आपण त्या खोलीत पाऊलही ठेवणार नाही असं सांगून टाकलं. तिन्ही उगवल्या. लेकरू रांगायला लागावं तसा आनंद झाला मला.

आणि मग सुरू झाली दुखणी.

पहिली पानं आली ती साधी, एकसंध. गांजाचं पान म्हणजे बोटं पसरलेला पंजा, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. माझ्या पानाला बोटंच नाहीत! पुढे तीन फुटली. सात यायला हवीत, तर तीनच. आणि देठ लाल. साधे लाल नाहीत, चांगले कुंकवासारखे लाल.

टोर्स्टेनला कॅन्टीनमध्ये गाठलं. तो म्हणाला, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "फोटो पाठव."

आणि इथे माझ्यातला शहाणा माणूस जागा झाला. माझा नागरिकत्वाचा, म्हणजे आइनब्युर्गेरुंगचा, अर्ज नुकताच गेला होता. कायद्यात बसतं हे खरं, पण कुण्या साहेबाने माझा फोन बघितला तर? म्हणून मी म्हटलं, फोटो नाही, तोंडी सांगतो. डॉक्टरला फोनवरून खोकून दाखवायचा प्रकार होता तो, पण मला तेव्हा फार सावधपणाचा वाटला.

"देठ लाल आहेत? मग फॉस्फरस कमी पडतोय, नाहीतर थंडी लागतेय."

मी फॉस्फरसचं खत आणलं. खोलीत छोटा हीटरही लावला. देठ आणखी लाल झाले.

"मग पीएच बिघडलाय."

पीएचचं मीटर आणलं. पाणी मोजलं, माती मोजली, चुकून एकदा चहाही मोजला. देठ लाल ते लालच. शिवाय आता पानांच्या कडाही लाल व्हायला लागल्या.

"दिवा फार जवळ आहे. झाडाला ताण आलाय."

दिवा वर घेतला, तर झाडं त्याच्यामागे वर निघाली. कंबरेला लागली, छातीला लागली. आजारी माणूस असा झपाट्याने वाढतो का हो? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी रात्रंदिवस त्या लाल देठांचाच घोर लावून घेतला होता.

एकदा टोर्स्टेनने विचारलं, "पण एव्हाना वास तर घरभर सुटला असेल?"

"अजिबात नाही," मी छाती फुगवून म्हटलं. "फिल्टर इतका जबरदस्त आहे की तंबूत डोकं घातलं तरी वास येत नाही."

टोर्स्टेनने तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं. फिल्टर कुठून घेतला ते त्याने लिहून घेतलं. मला आजही त्या माणसाची दया येते.

एवढ्यात सासूबाईंचा व्हिसा वेळेआधी झाला. आता झाडं टाकायची कुठे? ओल्या कचऱ्याच्या बिओटोनेत टाकावी, तर शेजारच्या बाई कुणी काय टाकलंय हे झाकण उघडून तपासतात. आणि खरं सांगू, जीव होईना. एवढी औषधं पाजून वाढवलेली लेकरं ती. केतकीची बोलणी खाल्ली, कुलूप आणखी मोठं आणलं आणि सासूबाईंना आणायला विमानतळावर गेलो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मंदारराव, त्या बंद खोलीत काय घुमतंय?"

"ऑफिसचं मशीन आहे, आई. टेस्टिंग चालू आहे."

"आज रविवार आहे की. इथं रविवारी दुकानंसुद्धा बंद असतात म्हणे. मशीन चालतं होय?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर त्या दारासमोरून जाताना दरवेळी थांबायच्या. खालच्या फटीतून येणारा जांभळा उजेड बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. ज्या बाईने आयुष्यभर मुलींच्या दप्तरातून चिठ्ठ्या शोधून काढल्या, तिच्यापुढे माझं कुलूप किती टिकणार?

एका शनिवारी सकाळी केतकी ब्रेड आणायला बाहेर पडली आणि सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली द्या. मोठं पातेलं त्या खोलीत आहे म्हणाली केतकी."

"मी काढून देतो ना, आई."

"मला चालता येतं."

"आत धूळ आहे."

"मंदारराव." त्या खुर्ची ओढून बसल्या. "काय लपवताय?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण मला घाम फुटला. आणि मित्रहो, मी फुटलो. विचारलं त्याचं सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. आई, आत गांजा आहे. तीन झाडं आहेत. कायद्याने चालतं. विकणार नव्हतो. ओढणारही नव्हतो, म्हणजे कदाचित एकदा ओढून बघितला असता. तुमच्या मुलीचा काही दोष नाही, तिने बजावलं होतं. मला संगत लागली. तीही जर्मन. तुम्ही मला काहीही म्हणा, पण मावशींना सांगू नका.

या मावशी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहीण. त्यांना दुपारी कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या लातूरला कळतं.

मला माझं सासरचं नाव खुंटीवरून खाली पडलेलं दिसलं. सासूबाई उठल्या.

"उघडा."

मी कुलूप काढलं, तंबूची चेन सरकवली. सासूबाईंनी चष्मा लावला. वाकून देठ पाहिला, पान उलटं करून पाहिलं. मग एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं.

"आई, थुंका ते! थुंका!" मी त्यांच्यापुढे ओंजळ धरून उभा राहिलो.

त्या शांतपणे चावत होत्या. "छान आंबट आहे," त्या म्हणाल्या. "मंदारराव, अंबाडी आहे ही."

"पण देठ लाल..."

"लाल अंबाडीचे देठ लालच असतात. हिरवे कुठून आणायचे?"

मी तिथेच खतांच्या बाटल्यांशेजारी खाली बसलो. असं हलकं मला दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच वाटलं. अंबाडी! मी ती हजारदा खाल्ली होती, लसणाची फोडणी दिलेली, भाकरीशेजारी वाढलेली. पण ती झाडाला कशी दिसते हे आम्हा पुणेकरांना कोण दाखवणार? माझी झाडं आजारी नव्हती. कधीच नव्हती. मला हसू येत होतं की रडू, हे माझं मलाच कळेना.

तेवढ्यात केतकी आली. तिने पाहिलं ते असं: तंबू सताड उघडा, नवरा जमिनीवर, आणि आई पानं चघळतेय. हातातली ब्रेडची पिशवी तिथेच पडली. तिला समजावून सांगण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात सासूबाईंनी पातेलंभर पानं खुडून घेतली होती.

उलगडा सोपा होता. मागच्या खेपेला सासूबाईंनीच अंबाडीचं बी आणलं होतं. केतकीने ते झिपच्या पिशवीत घालून त्याच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. मी हात घातला तो त्या पिशवीत. टोर्स्टेनची पिशवी तिच्यामागे जशीच्या तशी पडलेली होती. सोमवारी ती मी त्याला परत केली. फिल्टरबद्दल मात्र अजून काही बोललेलो नाही.

पण शनिवारची दुपार अजून संपायची होती. पानं चांगली तीन पाण्यांतून धुऊन त्यांची पळीवाढी भाजी झाली होती, आणि इतकी चविष्ट की मी दोनदा मागून घेतली. पोट भरलं होतं, मन शांत होतं. नाव वाचलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. लातूरचा व्हिडिओ कॉल लागला होता.

"अगं बाई, गांजा?" मावशी विचारत होत्या. "म्हणजे जावई बिघडला म्हण की."

"छे गं," सासूबाई म्हणाल्या. "बिघडायचा प्रयत्न केला त्यांनी. चांगला मन लावून केला, खतबित घालून. जमलं नाही त्यांना."