अंगणातली अँबेसेडर

नव्या राज्याच्या नव्या कचेरीत नोकरी लागली म्हणून मी नागपूरहून रायपूरला आले आणि समता कॉलनीत एका मराठी जोडप्याच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. खाली घरमालक काका-काकू राहायचे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू विझत गेली होती. उजेड कळायचा, समोर कुणी उभं आहे हे कळायचं, चेहरा मात्र नाही. त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून त्यांची अँबेसेडर अंगणात जांभळाच्या झाडाखाली उभी होती. मूळची दुधी रंगाची, पण तिच्यावर जांभळाचे डाग साचले होते, चाकं हवा जाऊन चपटी झाली होती आणि टपावर शेजारचं मांजर झोपायचं.

हिवाळ्यात सकाळी खिडकी उघडली की धुक्यात तिची गोल पाठ तेवढी दिसायची, तळ्यात म्हैस बसावी तशी. मला तिची सवय झाली, मग ओढ लागली. एका रविवारी काका ओट्यावर उन्हात बसले होते, तेव्हा मी विचारलं, "काका, ही सुरू होईल का?"

"मले काय माहीत. मी चालवली. उघडून कधी पाहिली नाही."

"मग उघडून पाहू या?"

"तुले येते काय त्यातलं?"

"नाही."

ते बराच वेळ स्वतःशी हसत राहिले. "मग ठीक आहे. दोघंही सारखेच."

बॉनेट उघडलं तर आत उंदरांचं घरटं, काकूंच्या हरवलेल्या लोकरीचं. वायरी कुरतडलेल्या. मी गाडीदुरुस्तीचं पुस्तक आणून वाचू लागले, आणि रविवारची दुपार आमची ठरून गेली. मी नट सैल करायची आणि प्रत्येक भाग काकांच्या हातात द्यायची. ते तो रॉकेलच्या घमेल्यात धुवायचे, बोटांनी चाचपायचे, कानाशी नेऊन हलवायचे. "हे काय असंल?" ते विचारायचे. कितीदा तरी मलाही सांगता यायचं नाही. कार्ब्युरेटर जोडला तर एक स्प्रिंग हातात उरली. पुन्हा खोलला.

काकू दारात येऊन बघायच्या. "काहून करून राहिले तुम्ही दोघं हे? अंगणभर नुसता रॉकेलचा वास."

"हव, हव," काका म्हणायचे आणि घमेल्यात हात घालून बसायचे.

नवं कव्हर शिवायला गाडीची पुढची सीट काढली, ती कितीतरी दिवस झाडाखालीच होती. त्या सीटवर डोळे मिटून काका बसायचे आणि सांगायचे, राजिमच्या मेळ्यात पोरांना घेऊन गेलो होतो, महानदीच्या वाळूतली कलिंगडं डिक्कीत भरली होती, घरी येईपर्यंत गाडीला त्यांचाच वास. पानांतून ऊन त्यांच्या तोंडावर हलत राहायचं. मी पॉलिश पेपरनं गंज घासत ऐकायची. घासण्याचा आवाज आणि त्यांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे, आणि दुपार कधी उतरली ते कळायचं नाही.

ब्रेकचं काम आम्ही घरी केलं नाही. त्यासाठी मिस्त्रीच बोलावला; नवे टायर आणि बॅटरीही त्यानंच बसवली. दरम्यान मी गाडी चालवायलाही शिकले. मग एका सकाळी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "थरथरून राहिली," ते हळूच म्हणाले. काकू कणकेच्या हातांनी तशाच बाहेर आल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. नव्या राजधानीचे रस्ते तेव्हा नुकतेच होत होते. रुंद, कोरे, दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं. एवढा रस्ता कुणासाठी केला असेल असं वाटावं इतकं सुनसान.

"थांबव जरा," काका म्हणाले. "आजूबाजूला कोणी आहे?"

"कोणीच नाही."

"मग मले दे."

मी मागे वळून काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "दे त्यायले," त्या म्हणाल्या.

आम्ही जागा बदलल्या. मी शेजारी बसून एक हात स्टिअरिंगजवळ तयार ठेवला. काकांनी न चाचपता पहिला गिअर टाकला. गाडी सायकलच्या वेगानं सरकू लागली. मी सांगत होते, "सरळ. थोडं डावीकडे. बस, असंच." आणि मागून काकू आपणहून बोलू लागल्या. "पळस गेला. आता तळं येऊन राहिलं. बगळे बसले आहेत, पुष्कळ." काका मान हलवत होते, एकेक गोष्ट मिळाल्याची पोच द्यावी तसे. भीती मला वाटत होती, पण ती कुठंतरी लांब, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

मग त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला.

"अजून थोडं?" मी विचारलं.

"नको. पाहून झालं."

ते मागे काकूंशेजारी जाऊन बसले आणि मी गाडी अभनपूरकडे घेतली. बाजारात चहा घेतला, काकूंनी वांगी निवडून घेतली. परतताना इंजिन तापलं. बाभळीखाली गाडी उभी करून मी डिक्कीतली बादली घेऊन जवळच्या शेतातल्या बोअरिंगवरून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा दारं उघडी होती आणि काकू काकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मी पाण्याची बादली खाली ठेवली आणि रस्त्याच्या कडेला गवतात बसून राहिले. आम्हाला कसलीच घाई नव्हती.