तामसी रस्त्यावरची आडवी सायकल

कमरेतली चकती सरकली त्या वर्षी मी चौतीस वर्षांची होते. आदिलाबादहून तामसीच्या रस्त्याला नऊ किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या मराठी शाळेवर मी शिक्षिका होते. बस होती, पण एक सकाळी फार लवकर यायची आणि दुसरी शाळा भरून तास उलटल्यावर. म्हणून आठ वर्षं मी लेडीज सायकलनं जात होते. मग एका पावसाळ्यात शाळेतला पाण्याचा ड्रम सरकवताना कमरेत काहीतरी कचकन झालं आणि मी तिथंच खाली बसले.

दोन महिने अंथरुणात गेले. डॉक्टर हिंदीत बोलायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, "सायकल की गद्दी भूल जाओ, और बस के धक्के भी." एकदा हट्टानं बसनं गेले. परत आले ती दोघी बायांच्या खांद्यावर. सुट्टी संपत आली होती, ती बिनपगारी वाढवून घेतली. यजमान निर्मलला एका कचेरीत कारकून होते, ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. तेव्हा मंचेरियलहून बाबा आले, आमचा स्वयंपाक करायला.

बाबा कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. चौथीपर्यंत शिकलेले. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, बाबांनी घाण्यातला बैल व्हायचं नाकारून खाणीची वाट धरली आणि आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. आई नव्हती. ते वरण फार चांगलं करायचे आणि भाकरी फार वाईट.

मी दिवसभर आरामखुर्चीत मागं रेलून, पाय स्टुलावर टाकून पडलेली असायचे. तेवढ्याच एका बैठकीत कंबर गप्प राहायची. बाबा येता-जाता बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी खिशातून टेप काढला आणि माझ्या टाचेपासून कमरेपर्यंतचं माप घेतलं.

"बाबा, कफनाचं माप घेता का?"

"सायकलीचं," ते म्हणाले. "अशी बसली का दुखत नाई न तुले? मंग अशीच बसून जाय शाळेत."

वर्कशॉपातल्या एका इंजिनियरनं म्हणे केबिनमध्ये मासिकातलं एक चित्र लावलं होतं. कुठल्या तरी परदेशातला माणूस पडल्या पडल्या सायकल चालवतोय, पाय पुढं, पाठ मागं. "आमी लय हसलो होतो तवा," बाबा म्हणाले. "पण नंतर म्या रोज पायलं ते चित्र. साखळी कशी नेली असन, हे समजत नोतं."

जिनिंग मिलच्या रस्त्याला एका तेलुगू माणसाचं वेल्डिंगचं दुकान होतं. बाबा रोज जेवणं आटोपली की तिकडं जायचे. तीन आठवड्यांनी त्यांनी जे ढकलत घरी आणलं, ते पाहून मला हसावं की रडावं कळेना. मागं मोठं चाक, पुढं लहान मुलांच्या सायकलीचं छोटं चाक, मध्ये लांबच लांब पाइप. पायडल पुढच्या चाकाच्याही वर. अडीच साखळ्या जोडून एक केलेली, ती सीटखालून प्लास्टिकच्या पाइपातून मागं गेलेली. हँडलचे दोन दांडे म्हशीच्या शिंगांसारखे मागं माझ्या हातापर्यंत आलेले. आणि सीट म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर खाटेला विणतात तशी नवार विणलेली. मी त्यावर टेकले. कंबर गप्प राहिली.

"बाबा, मागची बाजू इतकी बरोबर कशी कललीय? मला विचारलंही नाही तुमी."

"अंदाज," ते म्हणाले.

तो अंदाज कुठला, ते मला आठवड्याभरानं कळलं. पहाटे चहा ठेवायला उठले तर बाबा पुढच्या खोलीत झोपलेले होते. झोपलेले म्हणजे बसलेलेच. भिंतीला वाकळ गुंडाळून लावलेली, तिच्यावर दोन उशा, आणि त्याला टेकून ते तोंड उघडं ठेवून घोरत होते. थेट त्या सीटसारखे कललेले.

चहा देताना मी विचारलं, "असे का झोपता?"

"आडवं झालं का दम भरते."

"कधीपासून?"

"झाले तीनचार वर्षं." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुले सांगायचं नोतं म्हून सांगितलं नाई. तुह्या डोक्याले काय कमी काम हाये?"

त्या दिवशी मी त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरकडं नेलं. फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली होती. औषध मिळालं, तोंडानं ओढायचा दम्याचा पंप मिळाला. बाबा पंप खिशात ठेवायचे, पण कुणासमोर ओढायचे नाहीत.

शिकायला आम्ही दर रविवारी कापूस बाजाराच्या मागच्या मैदानात जायचो. डिसेंबरची थंडी होती. आदिलाबादची थंडी हाडात शिरते. मला वाटलं होतं, आठ वर्षं सायकल चालवलेली बाई मी, मला काय शिकायचंय? पहिल्याच मिनिटाला मी डावीकडं आडवी झाले. दुसऱ्यांदा उजवीकडं. साध्या सायकलीवर तोल अंगानं सांभाळता येतो, वाकता येतं, पायडलवर उभं राहता येतं. इथं अंग बांधल्यासारखं, फक्त हात आणि पाय. आणि सगळ्यात अवघड म्हणजे सुरुवात. एक पाय पायडलवर ठेवून जोरात दाबायचं आणि त्याच क्षणी दुसरा जमिनीवरून उचलायचा. उचलायला मन होत नाही. पडायचं अंतर हातभरच असतं, तरी जमीन सोडायला जिवावर येतं.

बाबा सीटच्या मागचा दांडा धरून चालायचे. "पायाकडं पाहू नको. दूर पाह्य. त्या लिंबाकडं पाह्य." दहाबारा पावलं झाली की त्यांचा दम संपायचा आणि त्यांना दांडा सोडावाच लागायचा. मी तेवढ्यात लिंबापर्यंत पोचायचे किंवा पडायचे. मग दोघंही थांबून आपापला श्वास गोळा करायचो.

असंच एकदा थांबलो असताना माझ्या तोंडून निघालं, "दादाला तुमी कॉलनीच्या ग्राउंडवर शिकवली होती सायकल. मी गॅलरीतून बघत होते."

बाबा चाकावरची माती झटकायला लागले.

"मी कॉलेजात गेल्यावर मैत्रिणीच्या सायकलीवर शिकले. गुडघे फोडून. मले काऊन नाई शिकवली?"

मला भांडायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण इतक्या वर्षांनी शब्द आपोआप तसा निघाला, लहानपणच्या बोलीत. बाबांनी खिशातला पंप काढला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच ओढला. मग म्हणाले, "वाटलं, पोरीले कायले पायजे. तुह्या आईनं मले दोनदा म्हटलं होतं, पोरीलेबी शिकवा." ते लिंबाकडं बघत होते. "चुकलंच ते. चाल, बस. अजून दोन खेपा करू."

त्या दोन खेपांत मी पडले नाही. त्यात जादू काही नव्हती, चौथा रविवार होता आणि पाय शिकले होते. पण मला तो रविवार तेवढ्यासाठीच आठवतो.

सायकल इतकी बुटकी, की ट्रकवाल्याला दिसणारच नाही. म्हणून बाबांनी मागं बांबूची काठी बांधली. काठीला झेंडा हवा. "निळा लावू का?" त्यांनी विचारलं.

"नको. मोर्चा निघाला म्हणतील."

"लाल?"

"तर रेल्वे थांबंल."

शेवटी माझ्या जुन्या पिवळ्या पातळाचा तुकडा लागला. साडी नेसून या सायकलीवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून पंजाबी ड्रेस घालून जायचं आणि शाळेत साडी नेसायची, असं ठरलं. हेडमास्तरांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी या फक्त. पाचवीचं गणित चार महिन्यांपासून उघडं पडून हाय."

पहिल्या दिवशी जानेवारीतलं कोवळं ऊन होतं. गाव सुटेपर्यंत लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. तेलुगू पोरं मागं धावली, "टीचरम्मा मंचम! टीचरम्मा मंचम!" मंचम म्हणजे खाट. तेच नाव पुढं सगळ्यांच्या तोंडी बसलं. वस्ती संपली आणि दोन्ही बाजूंना वेचणी झालेली पऱ्हाटी लागली, रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकलेला. समोरून वारा होता. साध्या सायकलीवर या वाऱ्यानं मी दर वेळी रडकुंडीला यायचे. आता तो माझ्यावरून निघून जात होता. आणि डोळ्यांसमोर रस्ता नव्हता, आभाळ होतं. आठ वर्षांत मी या रस्त्यावरचं आभाळ बघितलंच नव्हतं. तारेवर एक नीळपंख बसला होता. मी त्याच्या खालून गेले तरी तो उडाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मात्र घात झाला. समोरून कापसानं शिगोशीग भरलेली बैलगाडी बाजाराला निघाली होती. बैलांना जमिनीलगत सरपटत येणारं, वर पिवळं फडकणारं जनावर दिसलं असावं. ते बुजले. गाडी रस्ता सोडून बांधाला लागली, एक चाक चढलं आणि अर्धा कापूस शेताच्या धुऱ्यावर सांडला. गाडीवान म्हातारा होता. कासरा ओढून ओढून त्याचे हात लाल झाले.

"काय घिऊन राह्यल्या हो बाई हे? बैलं मेले असते माहे!"

मी उतरले. त्याच्याबरोबर कापूस गोळा केला, ओंजळी ओंजळीनं. माझ्या कमरेनं त्याची किंमत संध्याकाळी वसूल केली. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "नको ही सायकल. कुणाचा तरी जीव जाईल."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हाताऱ्याचं गाव कोणतं?"

म्हातारा माझ्या शाळेच्याच गावचा निघाला. रविवारी बाबा आणि मी बसनं नाही, रिक्षा करून गेलो, रिक्षाच्या टपावर सायकल बांधून. म्हातारा गोठ्यात होता. बाबा त्याला म्हणाले, "मामा, तुमच्या बैलांची माफी मागायले आलो." म्हातारा आधी घुश्शात होता, मग हसला. बाबांनी सायकल हळूहळू ढकलत बैलांपुढं नेली आणि गव्हाणीला टेकवून ठेवली. पांढरा बैल मागं सरला. तांबड्यानं मान लांब करून सीटची नवार हुंगली, मग चाटली. पांढराही आला. म्हाताऱ्यानं मला म्हटलं, "आता तुमी बसा तिच्यावर. माणूस हाये हे समजू द्या त्यायले." मी बसले. तांबड्यानं माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं.

म्हाताऱ्याच्या घरी चहा झाला. त्यानंच पुढं गावभर सांगितलं की मॅडमची गाडी आली की बैल थांबवा, हुंगू द्या. त्या हिवाळ्यात मी किती गोठ्यांत गेले, सांगता येत नाही. शाळेला उशीर व्हायचा, पण रस्त्यावरचा एकही बैल पुन्हा बुजला नाही.

संध्याकाळी मी घरी आले की बाबा सायकल पुसायचे. एक दिवस त्यांनीच विचारलं, "मी बसू?" अंगणातून निघाले ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालताना तीनदा थांबणारा माणूस. मी कंबर विसरून पळतच गेले. ते हसत होते. "बसल्या बसल्या फिरते वं, दम लागत नाई! हळू मारले का लागतच नाई." मग रोज संध्याकाळी त्यांची एक फेरी ठरलेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी दुसरी केली, पहिलीपेक्षा सुबक.

बाबा त्यानंतर दोन हिवाळे जगले. मी पाच वर्षं त्या सायकलीनं गेले. मग बदली गुडीहत्नूरला झाली. तिथं हायवेवर ट्रकांच्या चाकांत बुटकी सायकल नेणं शक्य नव्हतं. तोवर कंबरही बरीच सावरली होती, आणि बसला गर्दी नसायची.

पण मला सांगायचाय तो एक शनिवार. बाबांची सायकल तयार होऊन महिना झाला होता आणि त्यांनी माझ्याबरोबर शाळेपर्यंत यायचं ठरवलं. आम्ही एकापाठोपाठ एक निघालो, मी पुढं, ते मागं. दोन तास लागले. चार ठिकाणी थांबलो. शाळेत पोचलो तेव्हा पोरं फाटकावर गोळा झाली. एका पोरीनं विचारलं, "तुमी कोणत्या शाळेचे सर हो?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आजचा तास हेच घेतील."

आधी ते नको नको म्हणाले. मग त्यांनी माझी सायकल व्हरांड्यात घेतली, मुलांना साखळीच्या चक्रांचे दाते मोजायला लावले, पुढचे चव्वेचाळीस, मागचे बावीस. खडूनं फरशीवर रेघ मारली, पायडल एकदा पूर्ण फिरवला आणि चाक जिथं थांबलं तिथं दुसरी रेघ मारली. पोरांनी पट्टी टाकून मोजलं, चार मीटर चाळीस सेंटीमीटर. "एका पायात एवढं," बाबा म्हणाले. त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

पाचवीतल्या त्या मघाच्या पोरीनं आपणहून फळ्याकडं जाऊन नऊ किलोमीटरचे सेंटीमीटर केले आणि भागाकार मांडला. खडू करकरत होता. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते.

"दोन हजार पंचेचाळीस," ती म्हणाली. "बाकी दोनशे."

"म्हंजे काय?" बाबांनी विचारलं.

"मॅडमले आदिलाबादवरून येवाले इतके पाय माराव लागते."

बाबांनी फळ्यावरचा आकडा बोट ठेवत एकएक करून वाचला. "रोज?" ते मला म्हणाले. "एवढे पाय मारतं तू रोज?"

"अन् जातानीचे वेगळे, आजोबा," पोरगी म्हणाली आणि फळा पुसायला लागली.