तातडीची चिठ्ठी

आमच्या वटार गावच्या काकीला हळू बोलता येत नसे. ती विहिरीपाशी उभी राहून काकांना हाक मारी, ती केळीच्या वाडीपलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाई. लग्नकार्यात पंगतीला बोलवायचं काम तिच्याकडेच असायचं. माझे सासरे तिला गमतीने म्हणत, "विहीणबाई, तुम्हाला फोनची गरजच काय?" त्यावर ती म्हणे, "आहे ना फोन. पण समोरच्याच्या कानाचा भरवसा नाही."

म्हणून ती बोळिंजला माझ्या घरी आली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजली, तेव्हा मला भीतीच वाटली. "अंगावरून जातंय गं," ती म्हणाली. पाळी जाऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती. गणपतीत थोडं दिसलं, तेव्हा दगदगीने असेल असं तिला वाटलं. दिवाळी झाली तरी थांबेना, उलट वाढलं. पुढे म्हणाली, "काकांना माहीत नाही. बायकांचं काय सांगायचं त्यांना?"

मी तिला आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासताना बाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली आणि 'तातडीने' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. काकीने चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "तातडीने म्हणजे उद्या का?" बाई म्हणाल्या, "हो, लवकरात लवकर."

रुग्णालयाने तारीख दिली ती पुढच्या महिन्यातली. त्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी करून आम्ही गेलो, तर मोठे डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. पुन्हा तारीख. त्या खेपेला सोनोग्राफीचं मशीन बंद. मधल्या दिवसांत मी फोन लावत बसे. कुणी उचललाच तर म्हणे, "बोलावू, वाट बघा."

काकी वाट बघायला शिकली. फिक्या रंगाच्या साड्या तिने पेटीत टाकल्या आणि गडद तेवढ्या बाहेर ठेवल्या. गादी खराब होईल म्हणून खाली चटईवर झोपू लागली. भाचीच्या हळदीला गेली नाही. "पाटावर डाग पडला तर आयुष्यभर बोलतील," म्हणाली. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, पण मुकाट्याने घ्यायची. वाडीतलं काम मात्र तिने सोडलं नाही. सोनचाफ्याच्या झाडाखाली पाटी पालथी घालून बसे आणि काकांना कुठली कळी खुडायची ते सांगे. मी म्हटलं, आत जाऊन पड जरा. तर म्हणाली, "रक्त जातंय, अक्कल नाही जात."

काकांपासून हे लपून राहणं शक्यच नव्हतं. एका सकाळी मी गेले, तर काका मागच्या दगडावर तिच्या रक्ताच्या कापडी घड्या धूत होते. हा माणूस कधी स्वतःचा चहाचा कप उचलणारा नव्हे. ते पाणी ओतत होते आणि लाल पाणी केळीच्या आळ्यात जात होतं. मला बघून त्यांनी मान खाली घातली. काकी ओटीवरून म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा धुणं धुतायत. तेही हे." तिला हसायचं होतं, पण धाप लागली.

तिसऱ्या खेपेला ती भिंतीला धरून चालत होती. रुग्णालयात ती घरची बोली सोडून पुस्तकातल्यासारखं बोले, आवाजही दाबून. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "पुढच्या महिन्यात या." काकीने खिडकीची कड धरली. मग तिचा तो विहिरीपाशीचा आवाज लागला. "भाऊ, मला रक्त जातंय. इथे उभी आहे, इथेच जातंय. पुढच्या महिन्यापर्यंत मी पुरायची नाही."

सगळी रांग वळून बघू लागली. आतून एक नर्स आली, तिने काकीच्या पायांकडे पाहिलं आणि तिला धरून आत नेलं. त्या दिवशी तिला रक्त चढवलं, तपासायला तुकडा घेतला. त्याचा रिपोर्ट यायलाही वेळ लागला. आला तेव्हा रोग गर्भपिशवीबाहेर पसरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. तरुण डॉक्टरीण कागद बघत म्हणाली, "मावशी, इतके दिवस कुठे होतात?"

"इथेच," काकी म्हणाली. "तुमच्या दाराबाहेर."

रेडिएशनचे शेक दिले, त्याने रक्त थांबलं. त्याचंच तिला केवढं समाधान! अबोली रंगाची साडी नेसून ती एकदा सगळ्या वाडीतून हिंडून आली. पण अंगात काही उरलं नव्हतं. आंब्याच्या दिवसांत ती गेली.

तेराव्यानंतर काकीच्या शेजारच्या कुंदावहिनी भांडी लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "ताई, मलाही जातंय. काकींना जायचं तसं." मी त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तिथून चिठ्ठी घेऊन त्याच रुग्णालयात. दुपारपर्यंत बसून राहिल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या." कुंदावहिनी लगेच उठल्या, पदर सारखा केला आणि जायला पिशवी उचलली.

मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि परत बाकड्यावर ठेवली.